ग्रामीण मलावीतील जिल्ह्याचे दारिद्र्य आणि विषमता कशी मोजावी: नव्या अभ्यासकांसाठी मार्गदर्शक

एखाद्या ग्रामीण आफ्रिकी जिल्ह्यात किती लोक गरीब आहेत, या प्रश्नाचे उत्तर शेवटी एका टक्केवारीत द्यायचे असते. त्या टक्केवारीमागचे सूत्र अवघ्या दोन ओळींचे आहे. मक्याची ‘बादली’ म्हणजे नेमके किती किलो धरले, सर्वेक्षक कोणत्या महिन्यात गावात गेला आणि कोणते घर यादीतून सुटले, यांवर ती टक्केवारी सूत्रापेक्षा कितीतरी अधिक अवलंबून असते. म्हणून या लेखात सूत्रांना थोडी जागा दिली आहे आणि मापांना, महिन्यांना व याद्यांना जास्त. जे विद्यार्थी, स्वयंसेवी कार्यकर्ते किंवा नवे संशोधक प्रथमच असे काम हाती घेत आहेत, त्यांच्यासाठी तो लिहिला आहे.

उदाहरण मलावीचे घेतले आहे. २०१८ च्या जनगणनेनुसार या देशाची लोकसंख्या सुमारे १.७५ कोटी असून त्यातील ८४ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. झोम्बा येथील राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने १९९७-९८ पासून २०१९-२० पर्यंत एकात्मिक कुटुंब सर्वेक्षणाच्या पाच फेऱ्या केल्या आहेत, आणि अलीकडच्या फेऱ्यांची कुटुंबनिहाय आकडेवारी जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर नोंदणी करून विनामूल्य उतरवून घेता येते. शिकण्यासाठी एवढी सोय फार थोड्या देशांत आहे.

पहिली पायरी: आधी अधिकृत आकडा स्वतः काढून पाहावा

गावात जाण्यापूर्वी २०१९-२० च्या फेरीची माहिती उतरवून घ्यावी आणि स्टाटा किंवा आर या प्रणालीत राष्ट्रीय दारिद्र्याचे प्रमाण काढावे. ते ५०.७ टक्के आले पाहिजे. या फेरीत ११,४३४ कुटुंबे होती आणि दारिद्र्यरेषा दरडोई दरवर्षी १,६५,८७९ क्वाचा (मलावीचे चलन) होती, म्हणजे दिवसाला साधारण ४५५ क्वाचा. आकडा जुळला नाही, तर बहुतेक वेळा चूक एकाच ठिकाणी असते: कुटुंबाचा भार (नमुन्यातील एक कुटुंब प्रत्यक्षातील किती कुटुंबांच्या वतीने धरले आहे तो आकडा) वापरला जातो, पण त्याला कुटुंबातील माणसांच्या संख्येने गुणायचे राहून जाते. तसे झाले की ‘गरीब माणसांचे’ नव्हे तर ‘गरीब कुटुंबांचे’ प्रमाण निघते. गरीब कुटुंबे सहसा मोठी असल्यामुळे हे दुसरे प्रमाण कमी दिसते. हा सराव केल्याशिवाय स्वतःची प्रश्नावली लिहायला बसणे म्हणजे वेळेचा अपव्यय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी: उत्पन्न मोजायचे की खर्च

विषय ‘उत्पन्नाच्या विषमतेचा’ असला, तरी ग्रामीण मलावीत उत्पन्न मोजणे अतिशय अवघड आहे. एकाच कुटुंबात घरच्या शेतातला मका, ओलसर जमिनीवरील ‘दिंबा’ वाफ्यातली भाजी, लिलावात विकलेला तंबाखू, दुसऱ्याच्या शेतावर केलेली ‘गान्यू’ म्हणजे फुटकळ मजुरी, बाजारात विकलेले तळलेले पदार्थ आणि दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या मुलाने पाठवलेले पैसे असे पाच-सहा झरे असतात. यांतील गान्यूचा मोबदला अनेकदा रोख न मिळता मक्याच्या किंवा पिठाच्या रूपाने मिळतो. शेतीच्या उत्पन्नातून बियाणे, खत आणि मजुरी वजा करावी लागते. आणि २००५-०६ पासून सुरू झालेल्या अनुदान योजनेतले खत कुटुंबाला मिळाले असेल, तर ते सवलतीच्या दराने धरायचे की बाजारभावाने, हे आधी ठरवावे लागते. दुष्काळी वर्षी निव्वळ उत्पन्न उणे निघते, आणि उणे उत्पन्न असलेले कुटुंब विषमतेच्या बहुतेक सूत्रांत बसतच नाही.

म्हणून मलावीसह आफ्रिकेतील बहुतेक देश दारिद्र्य उपभोग खर्चावरून मोजतात. यात विकत घेतलेले, घरी पिकवलेले आणि भेट किंवा मजुरी म्हणून मिळालेले अन्न, कपडे, रॉकेल, साबण, शाळेचा खर्च आणि स्वतःच्या घराचे मानीव भाडे (तसेच घर भाड्याने घेतले असते तर द्यावे लागले असते तेवढे) धरले जाते. सायकल, रेडिओ यांसारख्या टिकाऊ वस्तूंची किंमत न धरता त्यांच्या वापराचे वार्षिक मूल्य धरले जाते. विवाहाचा किंवा अंत्यविधीचा अवचित मोठा खर्च मात्र बाजूला ठेवावा. अन्यथा घरात मृत्यू झालेले कुटुंब त्या वर्षापुरते ‘श्रीमंत’ ठरते. उत्पन्नाचे प्रश्नही जरूर विचारावेत, परंतु ते विषमतेच्या चर्चेसाठी वेगळे ठेवावेत. उत्पन्नावरून काढलेली विषमता खर्चावरून काढलेल्या विषमतेपेक्षा जवळजवळ नेहमीच जास्त येते. त्यामुळे एका जिल्ह्याचा उत्पन्नाचा आकडा दुसऱ्या जिल्ह्याच्या खर्चाच्या आकड्याशेजारी कधीही मांडू नये.

तिसरी पायरी: कुटुंब, यादी आणि नमुना

एका चुलीवर शिजवून खाणारे आणि एकाच मिळकतीवर चालणारे ते एक कुटुंब, ही व्याख्या आपल्याला ओळखीची वाटते. प्रत्यक्षात ती जागोजागी अडते. मध्य व दक्षिण मलावीतील अनेक समाजांत नवरा लग्नानंतर पत्नीच्या गावी राहायला येतो, आणि त्याच्या मिळकतीचा काही भाग बहिणीच्या घरी जातो. उत्तरेत पितृवंशीय रीत आहे. मांगोची किंवा म्झिम्बा जिल्ह्यातील कर्ता पुरुष वर्षभर परदेशी मजुरीवर असू शकतो. साधारण नियम असा, की गेल्या बारा महिन्यांपैकी नऊ महिन्यांहून अधिक काळ बाहेर असलेल्या व्यक्तीला सदस्य धरू नये. मात्र तिने पाठवलेला पैसा नोंदवावा. एकाच पुरुषाच्या दोन पत्नींच्या चुली वेगळ्या असतील, तर दोन कुटुंबे धरावीत आणि पुरुषाची गणना एकाच ठिकाणी करावी.

नमुना दोन टप्प्यांत निवडला जातो. प्रथम जनगणनेच्या गणनाक्षेत्रांतून काही क्षेत्रे लोकसंख्येच्या प्रमाणात निवडली जातात, मग निवडलेल्या प्रत्येक क्षेत्रातील सर्व घरांची नव्याने यादी करून त्यातून १६ कुटुंबे ठरावीक अंतराने उचलली जातात. २०१०-११ च्या फेरीत जिल्ह्याला किमान २४ क्षेत्रे, म्हणजे ३८४ कुटुंबे, असा हिशेब होता. छोट्या अभ्यासातही यादी करण्याचा दिवस वाचवू नये. गावप्रमुखाला भेटणे, जिल्हा आयुक्ताचे पत्र दाखवणे आणि पारंपरिक प्रमुखापासून गटप्रमुखापर्यंत सर्वांना आधी कळवणे आवश्यकच आहे, परंतु घरे निवडण्याचे काम प्रमुखावर कदापि सोपवू नये. त्याने निवडलेली घरे एक तर त्याच्या नात्यातली असतात, नाहीतर मदत मिळावी म्हणून मुद्दाम पुढे केलेली.

ही पूर्वसूचना केवळ शिष्टाचार नाही. २०१७ मध्ये मुलांजे आणि फालोम्बे या दक्षिणेकडील जिल्ह्यांत ‘रक्त शोषणाऱ्या’ माणसांची अफवा पसरली, जमावाने काही जणांचे जीव घेतले आणि संयुक्त राष्ट्रांना आपले कर्मचारी तेथून हलवावे लागले. हातात टॅब्लेट घेऊन दारोदार घरातल्या माणसांची संख्या विचारणारा अनोळखी माणूस संशयास्पद वाटणे अशा वातावरणात स्वाभाविक आहे.

चौथी पायरी: मापे

येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. अन्नाचे प्रश्न गेल्या सात दिवसांबद्दल, पदार्थागणिक विचारले जातात: कोंड्यासकट दळलेले ‘म्गाइवा’ पीठ किती खाल्ले, पांढरे पीठ किती, घेवडा किती, वाळवलेली ‘उसिपा’ मासळी किती. उत्तर किलोत येत नाही. ते लहान बादली, मोठी बादली, १० नंबरची थाळी, १२ नंबरची थाळी, ढीग, जुडी, टोपली किंवा बैलगाडी या मापांत येते. आपल्याकडे पायलीचे वजन धान्यागणिक आणि पूर्वी गावागणिकही बदलत असे, तसाच हा प्रकार आहे, आणि शीग धरायची की माप सपाट करायचे हा वादही तोच.

एक उदाहरण जवळून पाहू. देड्झा जिल्ह्यातील एखादी गृहिणी सांगते, की आठवड्यात ‘एक बादली’ मका दळून खाल्ला. बादली २० लिटरची असेल आणि काठोकाठ सपाट भरलेली असेल, तर सोललेल्या मक्याचे वजन ढोबळमानाने १४-१५ किलो भरते. शिगोशीग भरली असेल तर त्याहून दोन-तीन किलो जास्त. आणि बादली ५ लिटरची असेल तर साडेतीन-चार किलो. तीच बादली पिठाची असेल तर वजन आणखी कमी, कारण पीठ दाण्यापेक्षा हलके असते. आता घरात पाच माणसे आहेत असे समजा. १४ किलोच्या हिशेबाने माणशी रोज ४०० ग्रॅम मका पडतो आणि कुटुंब जेमतेम पोटभर जेवणारे ठरते. साडेतीन किलोच्या हिशेबाने माणशी १०० ग्रॅम पडतो आणि तेच कुटुंब उपासमारीच्या कडेवर दिसते. सर्वेक्षकाने फक्त ‘बादली’ एवढाच शब्द लिहिला, तर कार्यालयात बसून या दोहोंतले खरे कोणते हे कोणालाही सांगता येणार नाही.

म्हणून पुढील काम आधी करावे. जिल्ह्यातील तीन-चार आठवडी बाजारांत वजनकाटा घेऊन जावे, प्रत्येक मापाने प्रत्येक मुख्य पदार्थ निदान काही विक्रेत्यांकडून मोजून घ्यावा आणि पदार्थ, माप, अवस्था (सोललेला की कणसासकट, सपाट की शीग) व बाजार यांनुसार रूपांतराचा तक्ता तयार करावा. टोमॅटोचा किंवा रताळ्यांचा ‘ढीग’ हा सर्वांत फसवा असतो, कारण टंचाईत भाव तोच राहतो आणि ढीग लहान होतो. यासाठी लहान, मध्यम आणि मोठ्या ढिगाची छायाचित्रे, शेजारी ओळखीची वस्तू ठेवून काढलेली, सर्वेक्षकाजवळ असावीत. राष्ट्रीय सर्वेक्षणानेही अलीकडच्या फेऱ्यांत अशी चित्रे वापरली आहेत.

हे सारे फार बारकाईचे वाटत असेल, तर मलावीतच झालेला वाद आठवावा. अधिकृत आकड्यांनुसार २००४-०५ ते २०१०-११ या काळात, म्हणजे खत अनुदानाच्या भरभराटीच्या वर्षांत, दारिद्र्य ५२.४ टक्क्यांवरून केवळ ५०.७ टक्क्यांवर आले. अर्थव्यवस्था वेगाने वाढत असताना एवढी किरकोळ घट कशी, असा प्रश्न साहजिकच उपस्थित झाला. काही अर्थशास्त्रज्ञांनी त्याच आकडेवारीवर मापांची रूपांतरे आणि ‘अन्नाची टोपली’, म्हणजे रेषेसाठी धरायच्या पदार्थांची यादी, नव्याने बसवून हिशेब केला, तेव्हा घट आठ टक्के बिंदूंहून अधिक निघाली. कुटुंबे तीच होती आणि त्यांची उत्तरेही तीच.

प्रश्नावलीच्या रचनेचाही असाच परिणाम होतो. शेजारच्या टांझानियात २००७-०८ मध्ये सात जिल्ह्यांत आठ वेगवेगळ्या पद्धतींनी उपभोग मोजण्याचा प्रयोग झाला. कोणी सात दिवसांचे आठवून सांगितले, कोणी चौदा, कोणी रोजनिशी ठेवली, आणि केवळ पद्धतीमुळे दारिद्र्याच्या प्रमाणात दहा टक्के बिंदूंहून अधिक फरक पडला. यावरून घ्यायचा धडा साधा आहे: राष्ट्रीय आकड्याशी तुलना करायची असेल, तर राष्ट्रीय प्रश्नावलीचा अन्नविभाग जसाच्या तसा वापरावा, स्वतःची सुधारणा कितीही शहाणपणाची वाटली तरी.

पाचवी पायरी: महिना आणि भाव

मलावीत पावसाळा एकच. मका एप्रिल-मेमध्ये निघतो आणि डिसेंबरपासून मार्चपर्यंत अनेक घरांतली ‘न्खोक्वे’ कणगी रिकामी असते. जूनमध्ये केलेले सर्वेक्षण आणि फेब्रुवारीत केलेले सर्वेक्षण जणू दोन वेगळ्या जिल्ह्यांची माहिती देतात. राष्ट्रीय सर्वेक्षण म्हणूनच बारा महिने चालते, आणि प्रत्येक जिल्ह्याची गणनाक्षेत्रे वर्षभरात विखुरलेली असतात. तेवढा निधी नसेल, तर त्याच कुटुंबांना दोनदा भेटावे, एकदा सुगीनंतर आणि एकदा फेब्रुवारीत. एकाच महिन्यात काम उरकणे भाग असेल, तर अहवालाच्या शीर्षकातच तो महिना लिहावा.

भावांचे तसेच आहे. सरकारी विपणन संस्था अॅडमार्कचा जाहीर दर घेऊ नये. साठा संपला की लोकांना तो दर मिळत नाही. कुटुंबाने सांगितलेली किंमत भागिले वजन असा दर काढून, त्या भागाचा आणि महिन्याचा मध्यक (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा दर) वापरावा. क्वाचाचे अवमूल्यन वारंवार होते, मे २०१२ मध्ये ते सुमारे एक-तृतीयांशाने झाले आणि नोव्हेंबर २०२३ मध्येही मोठे झाले, तेव्हा एका वर्षाची रक्कम दुसऱ्या वर्षी तशीच वापरणे निरर्थक ठरते.

सहावी पायरी: रेषा

मलावीची राष्ट्रीय रेषा मूलभूत गरजांच्या खर्चावरून ठरते: गरीब कुटुंबे प्रत्यक्ष खातात त्या पदार्थांतून आवश्यक उष्मांक मिळवण्याचा खर्च, अधिक कपडे-इंधन-निवारा यांसाठीचा भाग. २०१९-२० मध्ये अन्नाचा हिस्सा १,०१,२९३ क्वाचा होता, म्हणजे एकूण रेषेच्या सुमारे ६१ टक्के. त्याखालील लोकांना अतिगरीब म्हटले जाते. उष्मांकांवरून रेषा आखण्याच्या या परंपरेशी मराठी वाचकाचा जुना परिचय आहे, कारण पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दरडोई २,२५० उष्मांकांच्या आधारे भारतातील दारिद्र्य मोजले होते.

जागतिक बँकेची रेषा वेगळी आहे. २०१७ च्या क्रयशक्ती समतेनुसार, म्हणजे देशोदेशींच्या भावांतील फरक धरून केलेल्या हिशेबानुसार, ती रोज २.१५ डॉलर होती आणि जून २०२५ पासून २०२१ च्या समतेनुसार ३ डॉलर झाली. २.१५ डॉलरच्या रेषेने मलावीतील सुमारे ७० टक्के लोक गरीब ठरत होते, राष्ट्रीय रेषेने निम्मे. जिल्हा प्रशासनासाठी राष्ट्रीय रेषाच उपयोगाची. आणखी एक सावधगिरी: मलावी दरडोई हिशेब करतो, तर केनियात चार वर्षांपर्यंतचे मूल ०.२४ आणि पाच ते चौदा वर्षांचे ०.६५ प्रौढ असे धरले जाते. मुले जास्त असलेला जिल्हा पहिल्या पद्धतीत अधिक गरीब दिसतो.

सातवी पायरी: गणित

फॉस्टर, ग्रीअर आणि थॉर्बेक यांनी १९८४ मध्ये मांडलेली तीन मापे पुरेशी आहेत: प्रमाण, दरी आणि तीव्रता. समजा रेषा १०० आहे आणि दहा माणसांचा खर्च ४०, ६०, ८०, ९०, ९५, ११०, १२०, १५०, २०० आणि ३५५ आहे. पाच जण रेषेखाली आहेत, म्हणून प्रमाण ५० टक्के. रेषेच्या तुलनेत त्यांची तूट ०.६०, ०.४०, ०.२०, ०.१० आणि ०.०५, बेरीज १.३५ भागिले दहा, म्हणजे दरी १३.५ टक्के. याच तुटींचे वर्ग करून सरासरी काढली की तीव्रता ०.०५७ येते.

आता ९५ वाल्याला १० दिले, तर प्रमाण लगेच ४० टक्क्यांवर येते, पण दरी १३ टक्क्यांपर्यंतच उतरते. तेच १० जर ४० वाल्याला दिले, तर प्रमाण ५० टक्क्यांवरच राहते; दरी मात्र १२.५ टक्के आणि तीव्रता ०.०४६ होते. मलावीत २००६ साली म्चिंजी जिल्ह्यातून सुरू झालेली रोख साहाय्य योजना नेमकी सर्वांत तळाच्या, कमावते हात नसलेल्या कुटुंबांसाठी आहे. तिचे मूल्यमापन केवळ प्रमाणावरून करणे अन्यायाचे आहे.

आठवी पायरी: विषमता

विषमता मोजणारा जिनी गुणांक शून्य (सर्वांचा खर्च सारखा) ते एक (सारे एकाच्याच हाती) यांमध्ये असतो. वरच्या दहा माणसांसाठी तो ०.३३ येतो. आता ३५५ खर्च करणारा माणूस, समजा तंबाखूच्या मळ्याचा मालक, तीनदा जाऊनही घरी भेटला नाही आणि त्याला वगळले. उरलेल्या नऊ जणांचा जिनी ०.२४ होतो. जिल्ह्यात काहीच बदलले नाही, फक्त एक दार बंद होते. ग्रामीण जिल्ह्यांचे जिनी कमी दिसण्यामागे हे एक मोठे कारण असते. म्हणून न भेटलेल्या कुटुंबाऐवजी सोयीचे शेजारचे घर घेण्यापूर्वी पुन्हा जावे, आणि बदललेल्या घरांची संख्या जाहीर करावी.

दुसरे कारण सीमारेषेचे. लिलोंग्वे, ब्लँटायर, झोम्बा आणि म्झुझू ही शहरे सांख्यिकीत आपापल्या जिल्ह्यांपासून वेगळी धरली जातात. देशाचा जिनी २००४-०५ मधील ०.३९० वरून २०१०-११ मध्ये ०.४५२ झाला, परंतु ‘लिलोंग्वे ग्रामीण’चा आकडा काढताना त्यातील शहरी पैसा मुळातच बाहेर राहतो. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी, ज्याला तिकडे ‘बोमा’ म्हणतात, राहणारे नोकरदार आणि व्यापारी आपल्या नमुन्यात आहेत की नाहीत, हे तपासूनच निष्कर्ष काढावा. गावागावांतील फरक किती आणि एकाच गावातील घराघरांतील फरक किती, हे वेगळे करायचे असेल तर विषमतेचे दुसरे माप, थाइल निर्देशांक, वापरावे. जिनीची अशी स्वच्छ फोड होत नाही.

नववी पायरी: नमुन्यामुळे होणाऱ्या चुकीची मर्यादा आणि अहवाल

३८४ कुटुंबांच्या नमुन्यात प्रमाण ५० टक्के आले, तर साध्या नमुन्याच्या हिशेबाने मर्यादा अधिक-उणे ५ टक्के बिंदू एवढी असते. पण एका गावातील कुटुंबे एकमेकांसारखी असतात. त्यामुळे विचरण (अंदाजातील चढउताराचे माप) दुप्पट धरले, तर ती अधिक-उणे ७ होते. म्हणजे ४८ टक्क्यांचा एक जिल्हा आणि ५३ टक्क्यांचा दुसरा यांत क्रम लावणे योग्य नाही. जिल्ह्याच्या आतील पारंपरिक प्रमुखांच्या क्षेत्रांचे आकडे तर एवढ्या नमुन्यातून काढूच नयेत. त्यासाठी सर्वेक्षण आणि जनगणना जोडून लघुक्षेत्र अंदाज करावे लागतात, आणि ते काम सांख्यिकी जाणणाऱ्याच्या देखरेखीखालीच व्हावे. प्रकाशित माहितीतील ग्रामीण गणनाक्षेत्रांची स्थाने गोपनीयतेसाठी साधारणपणे पाच किलोमीटरपर्यंत मुद्दाम सरकवलेली असतात, हे नकाशे बनवणाऱ्यांनी विसरू नये.

अहवालात प्रत्येक टक्केवारीशेजारी रेषा, तिचे वर्ष, सर्वेक्षणाचे महिने, दरडोई की प्रौढसमान (मुलांना प्रौढाचा अंश धरून), भार आणि मर्यादा लिहावी, आणि मापांचा तक्ता परिशिष्टात संपूर्ण द्यावा, म्हणजे पुढचा अभ्यासक त्याच बाजारात वजनकाटा घेऊन जाऊन तो पडताळू शकेल. कुटुंबांची नावे व फोन क्रमांक मूळ माहितीतून काढून वेगळ्या, कुलूपबंद फाइलमध्ये ठेवावेत. जिल्हा परिषदेला अहवाल सादर करण्याच्याच आठवड्यात त्याचा एक पानी सारांश चिचेवा, चितुम्बुका किंवा चियाओ, जी तेथील भाषा असेल तिच्यात, निवडलेल्या गावांच्या प्रमुखांकडे पोहोचवावा. दुसऱ्या भेटीला दारे उघडी मिळण्याची शक्यता त्याने बरीच वाढते.